बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

सोलापूर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आईच्या गुडघ्याला उतार पडला आहे आणि ती आता काठीशिवाय जिना उतरते, हे दादाकडून कळले. येथे सर्व क्षेम आहे. शेडचे पत्रे पावसाळ्याआधी बदलून घेतले होते, त्यामुळे यंदा गळती झाली नाही.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "हवेत इंजिन बंद पडले तर काय?" आणि आईने काहीही न विचारता फोन दादाच्या हातात दिला. फोनवर या विषयाचे नीट बोलणे होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. यंत्रमाग भंगारात गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या आपल्या शेडमध्ये मी एका माणसापुरते गायरोप्लेन बांधत आहे, हे तुम्हाला माझ्याकडून कळण्याआधी शेजाऱ्यांकडून कळले. त्यांनी सांगितलेल्या वर्णनात ते हेलिकॉप्टर झाले होते. ते हेलिकॉप्टर नाही, आणि बाबांच्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे.

हेलिकॉप्टरचा वरचा पंखा इंजिन फिरवते. गायरोप्लेनचा वरचा पंखा, म्हणजे रोटर, उडताना इंजिनाला जोडलेलाच नसतो. इंजिन पाठीमागचा छोटा प्रोपेलर फिरवून यंत्राला पुढे रेटते. रोटर किंचित मागे कललेला असतो आणि खालून वर जाणाऱ्या हवेच्या झोतावर आपोआप फिरत राहतो. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेले भिरभिरे हातात धरून आपण पळत सुटलो की ते जसे फिरते, तसेच हे. इंजिन थांबले तर पुढची गती कमी होते आणि यंत्र खाली येऊ लागते. परंतु खाली येण्यामुळेच हवा रोटरमधून वर जात राहते आणि पाती फिरायची थांबत नाहीत. चार मीटर पुढे जाताना साधारण एक मीटर खाली, असा तो उतार असतो. ग्लायडरसारखे लांब तरंगत जाता येत नाही, म्हणून पायाखाली सतत उतरण्याजोगे मोकळे रान असले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात रानाला तोटा नाही.

ही युक्ती स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा या अभियंत्याची. त्याने बांधलेले तीन इंजिनांचे विमान 1919 साली कमी वेगात तोल जाऊन कोसळले, तेव्हापासून वेग कमी झाला तरी पडणार नाही असे विमान करायचे त्याने मनावर घेतले, आणि 1923 साली माद्रिदजवळ त्याचे ऑटोजायरो, म्हणजे आजच्या गायरोप्लेनचा पूर्वज, उडाले. पुढे जाणारे पाते मागे येणाऱ्या पात्यापेक्षा जास्त उचल देते आणि यंत्र एका कुशीवर कलंडते, ही अडचण त्याने पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवून सोडवली. माझ्या दोन पात्यांच्या रोटरमध्ये तेच काम मध्यभागातला एक बोल्ट करतो, त्याच्यावर दोन्ही पाती मिळून झुलतात. (सिएर्वा 1936 साली लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर धुक्यात उड्डाण करणाऱ्या साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला. बाबा, आईला पत्र वाचून दाखवताना एवढे वाक्य गाळावे.)

तेव्हा इंजिन बंद पडण्याची चिंता करू नका. खरी काळजी इंजिन जोरात चालू असतानाची आहे, आणि गेले काही महिने माझे जे काम चालले आहे ते सगळे तिच्यासाठी आहे.

घरी बांधता येणाऱ्या गायरोप्लेनचे आराखडे 1950च्या दशकात अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी लोकांच्या हाती दिले. चौकोनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, तळाची एक आडवी नळी म्हणजे कील, रोटर पेलणारा एक उभा खांब म्हणजे मास्ट, समोर खुर्ची, मागे इंजिन, एवढाच तो सांगाडा. पुढे लोकांनी त्यावर जास्त ताकदीची, गिअर लावलेली इंजिने आणि मोठे प्रोपेलर बसवले. मोठा प्रोपेलर कीलला घासू नये म्हणून इंजिन वर चढवावे लागले, आणि प्रोपेलरच्या रेट्याची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सगळ्या वजनाचा तोल जेथे साधतो त्या बिंदूच्या, बरीच वर गेली. उंचावर ढकलल्यावर यंत्राचे नाक खाली जाऊ पाहते. रोटरवर भार असेपर्यंत रोटर त्याला आवरून धरतो. परंतु वाऱ्याच्या झोतात किंवा चालकाने हातातला नियंत्रणाचा दांडा घाईने पुढे लोटल्यामुळे क्षणभर रोटरवरचा भार गेला, तर आवरणारे कोणी राहत नाही. इंजिन मात्र पूर्ण रेट्याने ढकलत असते. यंत्र नाकावर उलटते, भार नसलेला रोटर मंदावतो, आणि मंदावलेला रोटर पुन्हा हातात येत नाही. जुन्या घरगुती गायरोप्लेनांचे अनेक जीवघेणे अपघात या एकाच कारणाने झाले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत इंजिनात काहीही बिघाड नव्हता.

म्हणून आराखड्याप्रमाणे सांगाडा उभा राहिल्यावर पुढचे काही करण्याआधी मी त्याचा गुरुत्वमध्य काढला. हे काम बाबांना बघायला आवडले असते. शेडच्या मधल्या गर्डरला चेनपुली लावली, पाती उतरवून ठेवली, आणि रोटरच्या त्या मधल्या बोल्टाच्या जागी यंत्र टांगले. टाकी अर्धी भरलेली, चालकाचे वजन खुर्चीत हवे म्हणून मी स्वतः पट्टे आवळून बसलेली. मास्टच्या बाजूला मोठा पुठ्ठा बांधला होता. टांगलेल्या जागेवरून ओळंबा सोडून आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरने त्याच्या दोरीबरोबर पुठ्ठ्यावर रेघ मारली. मग बोल्टाच्या थोडे मागे तात्पुरता हूक बसवून यंत्र पुन्हा टांगले. या वेळी नाक खाली झुकले आणि मी पट्ट्यांवर भार देऊन पुढे लोंबकळले. पुन्हा ओळंबा, पुन्हा रेघ. दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे गुरुत्वमध्य. तो बिंदू माझ्या बरगड्यांच्या खालच्या कडेशी आला, आणि प्रोपेलरचा मध्य त्याच्या तब्बल वीस सेंटिमीटर वर निघाला. उभ्या जागी हे इंजिन अंदाजे 120 किलोचा रेटा देते. वीस सेंटिमीटरच्या तरफेवर तेवढा रेटा नाकाला किती जोराने खाली दाबेल, हे बाबांना मी सांगायला नको.

उपाय दोन होते. इंजिन खाली घ्यायचे किंवा माणूस वर न्यायचा. प्रोपेलरचा व्यास कमी केला तर इंजिन खाली येते, पण रेटाही घटतो, आणि तो मला घालवायचा नव्हता. मास्टच्या मागची कील मी नव्याने केली आणि तिला खालच्या पातळीवर नेले, म्हणजे प्रोपेलरला फिरायला जागा मिळाली. खुर्ची आणि टाकी वर उचलली, आणि त्यासाठी चाकांचे पाय लांब केले. आता गुरुत्वमध्य आणि प्रोपेलरचा मध्य यांच्या उंचीत पाच सेंटिमीटरांपेक्षा कमी अंतर आहे. यंत्र उंच आणि बेढब दिसते, शेजारच्या मुलांनी त्याला उंट असे नाव ठेवले आहे. दिसण्याला माझी हरकत नाही. मात्र उंच झाल्यामुळे ते जमिनीवर वळताना कलंडू नये म्हणून मागच्या दोन चाकांमधले अंतरही वाढवावे लागले. एक जागा बदलली की दुसऱ्या दोन हलतात, हे मागांच्या बाबतीत मी तुमच्याकडून लहानपणापासून ऐकत आले आहे.

दुसरा बदल शेपटीचा. बेन्सन यांच्या मूळ आराखड्यात उभी शेपटी मोठी आहे आणि आडवी जवळपास नाहीच. मी आडवी शेपटी शक्य तितकी मागे आणि प्रोपेलरच्या झोतात बसवली आहे, म्हणजे वेग कमी असतानाही तिच्यावर हवा जोरात येते आणि नाक वरखाली व्हायला लागले तर ती ते थोपवते. शिकाऊ चालक नाकाचे वरखाली होणे दांड्याने सावरायला जातो, त्याचा हात अर्धा क्षण मागे पडतो आणि प्रत्येक सावरण्यागणिक हेलकावा वाढतो. हा दोष माणसाच्या हातात असला तरी त्याचे औषध यंत्रातच बसवून टाकणे मला अधिक विश्वासाचे वाटते. या दोन बदलांशिवाय हे यंत्र कोणी फुकट दिले असते तरी मी त्यात बसले नसते.

बाकीचे थोडक्यात. नळ्यांना कोठेही वेल्डिंग नाही. या नळ्या 6061-टी6 जातीच्या ॲल्युमिनियमच्या आहेत, त्याला उष्णता लागली की सांध्याजवळची ताकद जाते, म्हणून सगळे सांधे दोन्ही बाजूंनी प्लेटा लावून बोल्टांनी आवळले आहेत. बोल्ट विमानांच्या मानकाचे आहेत, बाजारातले हाय टेन्साइल नव्हेत. जेथे भाग फिरतो तेथे खाचांचा नट आणि स्प्लिट पिन आहे. पाती मी घरी केलेली नाहीत, विकत घेतली आहेत. एक पाते सुमारे बारा किलोचे. साडेतीन मीटरच्या त्रिज्येवर मिनिटाला 350 फेऱ्या घेताना त्याचा मुळाशी येणारा ताण पावणेतीन टनांच्या पुढे जातो आणि टोकाचा वेग ताशी 450 किलोमीटरच्या वर असतो. तेथे हौस चालत नाही. इंजिन दोन सिलिंडरचे, दोन-स्ट्रोक, सुमारे 50 अश्वशक्तीचे रोटॅक्स 503 आहे, जुने घेतलेले. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिलिलिटर ऑइल मिसळावे लागते, त्यामुळे शेडमध्ये हल्ली तुमच्या लुनाचा वास येतो.

आपल्याकडच्या उन्हाचाही हिशेब मी धरला आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडे वर आहे, पण मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला की दुपारची हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनाची ताकद सातव्या हिश्श्याने घटते, प्रोपेलरचा रेटा उतरतो, आणि तापलेल्या माळावरून उठणारे झोत वेगळेच. नेमक्या अशाच झोतांत रोटरवरचा भार कमीजास्त होतो. म्हणून या यंत्रासाठी सोलापूरचा उन्हाळा मी वर्ज्य मानला आहे, आणि इतर वेळीही काम पहाटेचे, वारा सुटायच्या आत.

आता आईसाठी. हे यंत्र अजून जमिनीवरून उठलेले नाही. मंद्रूपजवळ मामांच्या पडीक माळावर ते टेम्पोतून नेऊन, पाती न लावता, फक्त चाकांवर चालवून पाहिले आहे. होटगी रोडच्या विमानतळावरून आता प्रवासी विमाने ये-जा करतात, त्यामुळे गावाच्या त्या बाजूचा विचारही करायचा नाही. नान्नजचा माळ सपाट असला तरी तो माळढोकांचा आहे. नोंदणी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी मिळाल्याशिवाय चाके जमिनीवरून उचलायची नाहीत, हा कायदाही आहे आणि माझा शब्दही. त्याला वेळ लागेल. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान 2016 साली मुंबईच्या प्रदर्शनात सगळ्या देशाने पाहिले, तरी त्याची नोंदणी व्हायला 2017चा नोव्हेंबर उजाडला. बाबांनी त्या बातमीचे कात्रण जपून ठेवले होते. शिवाय दोन आसनांच्या गायरोप्लेनवर प्रशिक्षकाशेजारी बसून शिकल्याखेरीज मी एकटी यात बसणार नाही. त्याची फी साठवण्यासाठी वेगळे खाते उघडले आहे, आणि घराच्या पैशाला त्यात हात लावलेला नाही.

आई, तू कर म्हणावेस अशी माझी अपेक्षा नाही. तू बघायला यावेस एवढेच म्हणते. खुर्ची, पट्टे आणि सांधे हात लावून पाहिल्यावर तुला जे वाटेल ते माझ्या तोंडावर सांग, दादाकडून नको.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. रोटरच्या मुख्य बेअरिंगला हाताने फिरवताना एका ठिकाणी बारीकसा खरखरीत स्पर्श जाणवतो. फिटरचे म्हणणे ग्रीस घट्ट झाले आहे, माझे मत बेअरिंग बदलावे असे आहे. मिलमध्ये तुम्ही स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकत असत, तसे ऐकून तुम्ही सांगाल त्याप्रमाणे करीन. तोपर्यंत पाती चढवत नाही. दोन्ही पात्यांच्या टोकांपासून मधून दोरा ताणून तो बोल्टाच्या मध्यावरून जातो का, हे पाहायचे आहे, आणि त्या कामालाही तुमचीच नजर हवी. मिलमधली तुमची जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) हत्यारांची पेटी माळ्यावर सापडली, बारीक फरक मोजायचे डायल गेज त्यातच असेल, पण कुलपाची किल्ली मिळत नाही. ती कोठे ठेवली आहे ते दादाच्या फोनवरून कळवावे, आणि गड्ड्याच्या आधी येण्याचे जमत असेल तर तिकिटे मी काढते.

दादा-वहिनींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
लेक