आवाज फुटलेल्या मुलांनी जावे कोठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील मुलांच्या गायकवृंदांविषयी आलेला मजकूर वाचला. व्हिएन्नाच्या वृंदातील सुमारे १०० मुले चार तुकड्यांत विभागलेली असतात आणि शाळेचा अभ्यास सांभाळून रोज सुमारे दोन तास तालीम करतात, याचे कौतुक वाटतेच. परंतु मला अधिक मोलाची वाटली ती लाइपझिगच्या सेंट थॉमस वृंदाची रीत. १२१२ पासून चालत आलेल्या आणि १७२३ ते १७५० या काळात थोर जर्मन संगीतकार बाख ज्याचे प्रमुख होते, त्या वृंदात मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना येतो आणि शालेय शिक्षण संपेपर्यंत राहतो. आवाज उतरलेली मोठी मुले तेथेच खालच्या स्वरांची बाजू सांभाळतात आणि वसतिगृहात धाकट्यांकडेही पाहतात. (पुढे थोर संगीतकार झालेल्या हायडनच्या नशिबी हे नव्हते. आवाज फुटताच व्हिएन्नाच्या कॅथेड्रलमधून त्याला बाहेर काढण्यात आले. आज तेथील बालवृंदाची एक तुकडी त्याच्याच नावाने ओळखली जाते!)

ख्यालगायकीचे माहेर म्हणवणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरात, जेथे भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेथील खासगी वर्गांत मात्र वेगळेच दिसते. काळी चारमध्ये (पेटीच्या उंच पट्टीत) तार षड्ज, म्हणजे वरचा सा, सहज लावणारा मुलगा तेराव्या वर्षी त्याच्या खालच्या पंचमापाशीच अडखळू लागतो, मागची मुले तोंडावर हात धरून हसतात, गुरुजी ‘आवाज स्थिरावला की ये’ म्हणतात, आणि तोवर दहावीची शिकवणी लागलेली असल्याने तो पुन्हा फिरकत नाही. मुलींचे वर्ग भरलेले आणि मोठ्या मुलांची सतरंजी रिकामी, याचे हे एक मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

कंठाची वाढ होऊन स्वरतंतू लांब व जाड झाले, की आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. या काळात ताणून गाऊ नये हे खरे. पण पेटी, ठेका, स्वरलेखन, बंदिशींचे पाठांतर आणि लहानांना ताल धरून देणे यांस कोणाची हरकत असावी? आवाज उतरल्यावर काळी एक या खालच्या पट्टीत हलक्या हाताने पुन्हा आरंभ करता येतो.

वर्गचालकांनी अशा मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस, कमी शुल्कात का होईना, राखून ठेवावा. आणि परीक्षा मंडळांनी त्यांना त्या वर्षी केवळ संगीतशास्त्राचा लेखी पेपर देऊन गायनाची प्रात्यक्षिक परीक्षा पुढे ढकलण्याची सवलत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक पालक
लष्कर, ग्वाल्हेर