सूचना : शनिवारी लेकरांच्या केसांसाठी जमायचं आहे

खानापूर तालुक्यातल्या आपल्या पालक गटातील सर्व आई, आज्जी व ताईंना कळविण्यात येते की येत्या शनिवारी सकाळी १० वाजता अंगणवाडीत जमायचं आहे. घरचं खोबरेल आणि मोठ्या दातांचा कंगवा आणावा. लेकरांनाही आणा, त्यांच्यासमोरच बोलायचं आहे.

कारण सांगते. परवा आपल्यातली पाच वर्षांची एक पोर डोक्यावरून टॉवेल पाठीवर सोडून आरशापुढं उभी होती. "हे माझे केस," म्हणाली. माझ्या पोटात कालवलं. 'झिपरी', 'घरटं' हे शब्द तिनं आपल्याच तोंडून ऐकलेत. ते आजपासून बंद. पाहुणे बोलले तर त्यांनाही तिथल्या तिथं थांबवा.

आपण सिद्दी, आपले पूर्वज आफ्रिकेतून आलेले; म्हणून आपल्या घरांतल्या लेकरांचे केस घट्ट कुरळे. टाळूचं तेल त्या वळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून ते कोरडे पडतात; त्यात लेकराचा काय दोष? कोरडे केस विंचरूच नका. आधी भिजवा, तेल लावा, मग टोकाकडचा गुंता बोटांनी सोडवत हळूहळू मुळाकडं जा. कपाळापाशी ओढून घट्ट वेणी घातली की तिथलेच केस गळतात. आणि सरळ करायची क्रीम लहानांना अजिबात नको, टाळू भाजते.

विंचरताना "तुझ्या पणजीचे अस्सेच होते" हे तेवढं आवर्जून सांगा. पोर मान स्थिर धरते, मी बघितलंय.

ज्यांना कामामुळं जमत नसेल त्यांनी लेकराला शेजारणीबरोबर पाठवावं.