दैनंदिनीतल्या दोन ओळींसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्याविषयीची तक्रार गेल्या वर्षी पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर सर्वांसमक्ष झाली, म्हणून आपले आभारही सर्वांसमक्षच मानावेत असे ठरवून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपले, आपल्या मुलाचे आणि शाळेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. आपल्या तालुक्यात ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच. समोर भेटून बोलले असते, तर आपण 'त्यात काय एवढे' म्हणून विषय चहावर नेला असता, हेही उघड पत्र लिहिण्याचे एक कारण आहे.

मी दहावीला गणित शिकवते. डिसेंबरअखेर बाळंतपण अपेक्षित आहे आणि दिवाळीच्या सुटीनंतर मी रजेवर जाईन, हे मी जुलैमध्येच लेखी कळवले होते. बदली शिक्षक शोधायला संस्थेच्या हाती पुरेसा वेळ होता. तो कसा गेला हे मला सांगता येणार नाही, कारण माझ्या अर्जाचे काय झाले हे मलाही कोणी सांगितले नाही. पालकांना मात्र ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेच्या तोंडावर, एका ओळीच्या सूचनेतून कळले की गणिताच्या मॅडम दुसऱ्या सत्रात 'उपलब्ध नसतील'. जणू मी कुठे पर्यटनाला निघाले होते.

पालकांच्या काळजीला मी खोटे म्हणणार नाही. त्या वर्षी बोर्डाची लेखी परीक्षा नेहमीप्रमाणे मार्चमध्ये न घेता 21 फेब्रुवारीलाच सुरू होणार होती. गणिताचे दोन पेपर मिळून 80 गुण, आणि त्रिकोणमिती, महत्त्वमापन, संभाव्यता, सांख्यिकी अशी प्रकरणे अजून व्हायची होती. ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घराने घाबरून जाणे स्वाभाविकच आहे. प्रश्न फक्त इतकाच होता की त्या भीतीचा जाब कोणाला विचारायचा, आणि समूहावरच्या बहुतेकांनी तो पोट पुढे आलेल्या बाईला विचारायचे ठरवले.

'दहावीचा वर्ग आहे हे माहीत असताना मॅडमना प्लॅनिंग करता आले नाही का?' असा पहिला संदेश एका सुशिक्षित गृहस्थांचा होता. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. एका भगिनींनी उन्हाळ्याच्या सुटीचा पर्याय सुचवला. मी गणिताची शिक्षिका असल्याने हिशेब मांडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते. वर्ष 52 आठवड्यांचे असते आणि आमची उन्हाळी सुटी जेमतेम सहा-सात आठवड्यांची. म्हणजे बाळ एप्रिलमध्ये जन्मो, ऑगस्टमध्ये जन्मो वा डिसेंबरमध्ये, शिक्षिकेची रजा शाळेच्या वर्षाच्या मध्यातच येणार. तिला यायला दुसरी जागाच नाही. पाचवीतल्या मुलालाही सुटावे असे हे उदाहरण आहे, पण शालेय वर्षात बसणारे मूल जन्माला घालण्याची अपेक्षा शिक्षिकांकडून अजूनही सर्रास केली जाते आणि ती बोलून दाखवताना कोणाला संकोच वाटत नाही.

सर्वांत मोठा आवाज ज्यांचा होता, त्यांच्या पत्नी राज्य शासनाच्या सेवेत आहेत आणि 180 दिवसांची रजा त्यांनी दोन्ही बाळंतपणांत घेतली होती. ती त्यांनी घेतली हे योग्यच झाले. पण आपल्या घरात जो हक्क असतो तो दुसऱ्याच्या घरात गैरसोय कसा ठरतो, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. आणखी एका पालकांनी मोठ्या उदारपणे तोडगा काढला की मॅडमनी किमान जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेपुरते तरी यावे. बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामावर ठेवण्यास मालकालाच कायद्याने मनाई आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असे मी समजून घेतले असते. पण त्यांच्या शेजारी बसून मान डोलावणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना तरी ते ठाऊक असायला हवे होते. त्यांनी तर मला आडून आडून असेही सुचवले की आत्ता राजीनामा द्यावा, जूनमध्ये 'पुन्हा पाहू'. विनाअनुदानित तुकडीवर काम करणाऱ्या बाईला या 'पाहू'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सहामाहीनंतरच्या पालकसभेत हे सगळे पुन्हा तोंडी झाले. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते आणि शेवटच्या बाकावरून आपण उठलात. आपण फार बोलला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. माझ्याकडे न पाहता आपण थेट संस्थेच्या मंडळींना विचारले, "दिवाळीनंतर गणित कोण शिकवणार आणि त्यांची नेमणूक कधी होणार, ते तुम्ही सांगा. मॅडमना काय विचारायचे त्यात?" सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग दोघा-तिघांनी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला, जणू तो त्यांनाच सुचला होता. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी एक निवृत्त गणित शिक्षक वर्गावर हजर होते. इतके महिने जे शक्य नव्हते ते त्या प्रश्नाने थोड्या दिवसांत शक्य केले, आणि माझ्या राजीनाम्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

त्या प्रश्नासाठी आपले आभार मानायलाच हवेत, आणि मी ते मानते. पण हे पत्र खरे तर त्यासाठी नाही. ते सभेच्या आधीच्या आठवड्यातल्या एका गोष्टीसाठी आहे, जी बहुधा आपण विसरूनही गेला असाल.

आमच्या शाळेच्या दैनंदिनीत प्रत्येक पानाच्या तळाशी 'पालकांचा अभिप्राय' असा रकाना असतो. एरवी त्यात मुलगा आजारी होता, कंपासपेटी हरवली, दोन गुण कमी का दिले, असे काहीबाही लिहून येते. त्या दिवसांत तो रकाना माझ्यासाठी लिहिलेल्या टोमण्यांनी भरू लागला. 'आमच्या पाल्याच्या नुकसानीस जबाबदार कोण, ते कळवावे.' 'क्लासची फी शाळा भरणार का?' नियम असा की पालकांनी लिहिलेल्या प्रत्येक मजकुराखाली वर्गशिक्षिकेने 'पाहिले' असे लिहून सही करायची. स्वतःविषयीच्या टोचणीखाली स्वतःच्या हाताने 'पाहिले' लिहिणे कसे असते, ते ज्याने केले नाही त्याला सांगणे कठीण आहे. दैनंदिन्यांचा ढीग समोर आला की मी शेवटचा घोटभर चहा संपेपर्यंत त्याला हात लावत नसे.

आपल्या मुलाची दैनंदिनी त्या ढिगात होती. आपल्या वळणदार, सावकाश अक्षरात त्या रकान्यात दोन ओळी होत्या: "मॅडम, उद्यापासून वह्यांचा गठ्ठा माझा मुलगा वर-खाली करील. तुम्ही उचलू नका." खाली आपली सही.

दहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते. बीजगणित आणि भूमितीच्या वह्या वेगळ्या, तुकड्या दोन, आणि तपासायच्या वह्या शिक्षक-खोलीत तळमजल्यावर. वर्ग काही महिन्यांसाठी खाली आणता येईल का, असे मी विचारले होते. दहावीचे वर्ग वरच असतात, असे उत्तर मिळाले होते, आणि त्यावर पुढे बोलण्यासारखे काही नव्हते. मी वह्या थोड्या थोड्या करून नेत असे, जिन्याच्या वळणावर थांबत असे. हे आपल्याला कसे कळले? मुलाने घरी सहज सांगितले असणार आणि आपण शिवणयंत्रावरून मान वर करून ते ऐकले असणार. माझ्या हक्काच्या बाजूने बोलणारे सहकारी दोन-चार तरी होते, आणि त्यांचीही मी ऋणी आहे. जिन्याचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नव्हता. सगळ्यांच्या बोलण्यात मी अभ्यासक्रमाच्या वाटेत आलेली अडचण होते. आपल्या दोन ओळींत मी जड ओझे घेऊन जिना चढणारी एक बाई होते.

त्या ओळींखाली 'पाहिले' असे लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते मी कोणाला दिसू दिले नाही. दुसऱ्या दिवशी आपला मुलगा तास संपताच काही न बोलता गठ्ठा उचलून जिन्याकडे चालू लागला. पुढे वर्गातल्या मुलांनी पाळ्याच लावल्या आणि आपल्या चिरंजिवांनी त्या पाळीपत्रकात स्वतःचे नाव दोनदा घातले. गंमत पाहा, यातली काही मुले अशा घरांतली होती जिथून समूहावर सर्वांत कडवट संदेश येत होते. घरात काय बोलले जाते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही; तरी त्यांनी वह्या उचलल्या.

चांगुलपणाविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. 3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली, त्याची छायाचित्रे मला घरी बाळ मांडीवर असताना समूहावर पाहायला मिळाली. प्रतिमेला हार घालण्यात 'प्लॅनिंग'वाले गृहस्थ पुढे होते. ज्या सावित्रीबाईंनी जोतीरावांबरोबर 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, समाजाने टाकलेल्या गर्भवती विधवांना बाळंतपणासाठी आसरा दिला, त्यांच्यासमोर उभे राहताना गेल्या ऑक्टोबरातले आपले शब्द त्यांना आठवले असतील का, कोणास ठाऊक. आपण त्या कार्यक्रमाला नव्हतात. लग्नसराईचे ब्लाउज द्यायचे राहिले होते, असे आपला मुलगा नंतर म्हणाला.

मे महिन्यात निकाल लागला, तो चांगला लागला, आणि तेव्हा बऱ्याच जणांनी मला कळवले की 'तुमच्या रजेमुळे काही बिघडले नाही हो'. या दिलाशाचे मी काय करावे हे मला समजले नाही. त्या निवृत्त सरांनी जीव ओतून शिकवले आणि मुलांनी कष्ट केले, याचे श्रेय त्यांचे आहे. निकाल वाईट लागला असता तरी माझी रजा रजाच राहिली असती. त्याच मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या सरकारी शाळेतील एका शिक्षिकेला प्रसूती रजेचा हक्क मान्य केला, ही बातमी वाचताना मला आपली आठवण झाली. त्या बाईंना आपल्या रजेसाठी थेट दिल्लीपर्यंत जावे लागले. माझे काम तालुक्याच्या गावातल्या एका पालकसभेत झाले, कारण शेवटच्या बाकावर आपण होतात.

मी जूनमध्ये रुजू झाले आहे. बाळ आजीजवळ असते, आणि मधल्या सुटीत घरी जाऊन येण्याची परवानगी यंदा न मागता मिळाली. आपला मुलगा अकरावीला गेला, त्यामुळे दैनंदिनीतून आपली भेट आता होणार नाही.

एक विनंती मात्र आहे. आमच्या विज्ञानाच्या मॅडमना दिवस गेले आहेत आणि त्यांची रजा नोव्हेंबरात सुरू होईल. त्यांच्याकडे आठवी ते दहावी असे तिन्ही वर्ग आहेत, आणि बदली शिक्षकाची जाहिरात अजून निघालेली नाही. पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. आपली धाकटी यंदा आठवीत आली, म्हणजे सभेचे निमंत्रण आपल्यालाही असणारच. शिवणाचे काम थोडे बाजूला ठेवून आपण यावे. मीही तिथे असेन, आणि या वेळी पहिला प्रश्न मी विचारणार आहे.

आपली कृतज्ञ,
गणिताची मॅडम