पोस्टकार्डाच्या कडेला लिहिलेल्या त्या ओळीसाठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. त्यावर नाव आहे, 'ता. राधानगरी' आहे, पण गावाच्या नावावर नेमका पोस्टाचा शिक्का बसलाय आणि तोही पुसट. खूप प्रयत्न केला, गाव काही लागलं नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव मात्र घालत नाही, न विचारता घालणं बरं नव्हे. दिवाळी अंकातली माझी जळव्याची (गुऱ्हाळात चुलीला जाळ घालणाऱ्या माणसाची) गोष्ट आईला वाचून दाखवणारे काका कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांनी एवढं त्यांच्या कानावर घालावं.

काका, गोष्ट छापून आली की काय होतं ते आधी सांगते, म्हणजे तुमच्या कार्डानं मला काय दिलं ते कळेल. अंकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर पडतो. त्याखाली अंगठे येतात, जोडलेले हात येतात, 'अभिनंदन मॅडम', 'खूपच सुंदर' येतं. फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत इतकी बारीक असतात, तरीही 'सुंदर' येतं. अंक कुठं मिळेल, एवढं विचारणारं माणूस मोठ्या मुश्किलीनं भेटतं. हे लिहिताना राग आहे, तो लपवत नाही.

ही गोष्ट आधी दुसऱ्या एका मासिकाकडे दिली होती. कितीतरी महिने पोच नाही, नकार नाही. शेवटी मीच फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "गुऱ्हाळबिऱ्हाळ आता कोण वाचतंय? जरा आजचं लिहा." पुढं ती या अंकात आली आणि इथल्याच एका कार्यक्रमात तिच्यावर चर्चा ठेवली. बोलणाऱ्या पाहुण्यांनी मातीचा गंध, ग्रामीण संवेदना असं पुष्कळ सांगितलं आणि सांगता सांगता ही साखर कारखान्यातल्या कामगाराची कथा आहे असं म्हणाले. मी स्टेजवरच बसले होते. सभागृहात कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही, म्हणजे तिथंही कुणी वाचली नव्हती. घरी येताना वाटलं, कशासाठी लिहायचं आणि कुणासाठी.

आणि मग तुमचं कार्ड आलं.

५० पैशांचं पोस्टकार्ड. निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, वर अक्षर मोठं आणि सुटं, खाली येईल तसं बारीक आणि दाटीचं. तुमचे वडील जळव्या होते हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत. आईला आता दिसत नाही, म्हणून तिला रोज रात्री थोडी थोडी करून गोष्ट वाचून दाखवली, असं लिहिलंत. जागा संपली तिथं सही केलीत. त्यानंतर कार्ड आडवं धरून, डाव्या कडेच्या मोकळ्या पट्टीत, अगदी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात लिहिलंत: 'आई इचारतीया, त्यानं मागनं भाकरी खाल्ली का न्हाई?'

त्या ओळीपाशी मी थांबले. अजूनही कार्ड काढलं की थांबते.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वर काहिलीत उसाचा रस उकळत असतो आणि गुळव्या तिच्या कडेला उभा असतो. तो भेंडीचं पाणी टाकतो, मळी काढतो, रंग बघतो, गार पाण्यात थेंब टाकून गोळी धरते का बघतो. सगळं कसब त्याचं, नावही त्याचंच होतं. जळव्या खाली, चुलवाणाच्या तोंडाशी, वाळलेलं चिपाड आत सारत बसलेला. रस त्याला दिसत नाही. वरनं हाक येईल तसा जाळ धरायचा, हाक येईल तसा ओढायचा. चुकून जास्त झाला तर गूळ काळा पडतो, कमी झाला तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, घट्ट बसत नाही. आधण, म्हणजे काहिलीतला एका खेपेचा रस, उतरायच्या बेताला आलं की त्याला तिथनं हलता येत नाही. माझ्या गोष्टीतला जळव्या अशाच वेळी बसलेला आहे. बायको भाकरी आणून ठेवते, तो मान वर करत नाही, ती थोडं थांबून परत जाते. गोष्ट तिच्याबरोबर घराकडं वळते. फडक्यातली भाकरी तिथंच राहते.

शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून, आणि गुळानं तिचं नाव केलं. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला, आजही वाटतो. गुळाचा रंग, गोडी, भाव, सौदे यावर इथं कुणीही तासभर बोलेल. जाळापुढं बसलेला माणूस जेवला का, हे तुमच्या आईंनी, म्हणजे आजींनी, विचारलं. गोष्ट चांगली की वाईट, लेखिका कोण, कुठली, यातलं काही त्यांना नको होतं. त्यांना त्या माणसाच्या पोटाची काळजी लागली होती. त्यांनी स्वतः किती रात्री अशी भाकरी नेऊन ठेवली असेल आणि मागं वळून बघत घरी आल्या असतील, त्या त्यांनाच ठाऊक.

पुढच्या पानावरच्या पुराच्या कवितेबद्दलही तुम्ही लिहिलंत. 'कविता बरी हाय. पण पूर वसरल्यावर घरात चिखलाचा वास ऱ्हातो, त्यो हितं येत न्हाई.' कवी माझ्या ओळखीचा आहे. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी त्याच्या घरात शिरलं होतं. सांगू की नको असं झालं होतं, शेवटी कार्डच त्याच्या हातात दिलं. त्यानं दोनदा वाचलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खरं आहे. वास महिनाभर गेला नव्हता." आणि जाताना कार्डाची झेरॉक्स मागून घेतली. इतकी वर्षं कविता लिहितोय, पण 'अमुक इथं नाही' असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. 'सुंदर'नं त्याचं काही भलं झालं नव्हतं, तुमच्या त्या एका वाक्यानं झालं.

संपादकांचेही आभार इथंच मानते. कार्ड त्यांच्या पत्त्यावर आलं होतं. फोटो काढून मोबाईलवर पाठवला असता तरी चाललं असतं. त्यांनी ते पाकिटात घालून मूळ कार्ड मला पाठवलं, सोबत चिठ्ठी: 'हे तुमचं आहे.'

इथलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० सालचं. तिथं जुन्या मासिकांचे बांधीव अंक चाळताना मी वाचकांची पत्रं आधी काढायची. कुणी एखाद्या शब्दावरून भांडलेलं असायचं, कुणी पात्राचं वागणं पटलं नाही म्हणून कान उपटलेले. ते सगळे वेळ काढून वाचत होते, दुकान बंद करून, शाळा सुटल्यावर, दळण ठेवून आल्यावर. अनोळखी माणसाचं लिहिणं शेवटपर्यंत वाचायचं, मनात आलेलं खरं ते लिहायचं, पेटीत टाकायला चालत जायचं आणि बदल्यात काही मागायचं नाही, याला मी मोठी माणुसकी समजते. दिसत नसलेल्या आईला रोज रात्री चार पानं वाचून दाखवणं तर त्याहून मोठं. काका, ही रीत संपली असं मी धरून चालले होते. तुमच्या घरात ती चालू आहे.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांना सांगा, खाल्ली. आधण उतरलं, काहील गूळ निवायच्या वाफ्यात ओतली, मगच तो उठला. तोंड-हात धुतले. भाकरी गार झाली होती, ती चुलवाणापुढच्या इंगळावर धरून त्यानं गरम केली. फडक्यात कांदा होता, ठेचा होता. गुळव्यानं वाफ्याच्या कडेचा कोमट गूळ खरवडून पळसाच्या पानावर दिला. पोटभर जेवला आणि तिथंच चिपाडाला टेकून झोपला. छापलेल्या गोष्टीत हे नाही. हे आजींचं.

आणि एक मागणं आहे. माझा पत्ता संपादकांकडे आहे, गावाचं नाव तेवढं कळवा. मला येऊन आजींना भेटायचंय. नवी गोष्ट लिहितेय, ती कुठंही पाठवायच्या आधी त्यांच्यासमोर बसून वाचायची आहे. त्या मधेच थांबवतील, विचारतील, ते मला हवंय. दुपारची वेळ त्यांना बरी पडेल का सकाळची, तेही लिहा.

तुमची,
जळव्याची गोष्ट लिहिणारी
कोल्हापूर