बाई, पवित्र आत्याच्या नावाने तुमचे आभार

बाई,

हे पत्र मी असं चारचौघांत लिहितेय ते तुम्हाला आवडणार नाही हे मला माहितीये, म्हणून तुमचं नाव लिहिलं नाही. वसईतली आपली माणसं, माझ्यासारखी तुमच्या वर्गात शिकलेली, ओळखतीलच, पण त्याला माझा इलाज नाही. गेल्या रविवारी माझ्या लेकीचं, छोटीचं कन्फर्मेशन झालं (दृढीकरण म्हण, असं तुम्ही म्हणाल, तर दृढीकरण झालं, बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याचा आपला संस्कार), बिशपांनी कपाळाला तेल लावलं, आमेन म्हणून ती परत बाकावर येऊन बसली आणि माझ्या कानाशी येऊन पहिलं काय विचारलं तर "बाईंना फोटो पाठवला?" तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

तुम्हाला २०२० चा मे आठवतो ना? मी रात्री फोन करून रडले होते, इकडची, अमेरिकेतली रात्र, तुमच्याकडे सकाळ, तुम्ही बहुतेक फुलझाडांना पाणी घालत होतात. छोटी दुसरीत, पॅरिशच्या म्हणजे आमच्या चर्चच्या शाळेत, पहिला कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा संस्कार) त्याच वसंतात व्हायचा होता तो कोरोनामुळे पुढे गेलेला, आणि अचानक ईमेल आला की शाळा जूनपासून बंद, कायमची. शाळेचं नाव घेत नाही, तिथल्या टीचर जीव तोडून शिकवायच्या, त्यांनाही आमच्याबरोबरच कळलं म्हणे. मग एका दुपारी गाडी घेऊन पार्किंगमध्ये जायचं, खाली उतरायचं नाही, काच खाली करायची आणि मास्क लावलेली एक बाई खिडकीतून पिशवी आत देणार. पिशवीत अर्धी संपलेली गोंदाची कांडी, बाकावरची नावाची पट्टी, एक मोजा (तो आमचा नव्हताच) आणि प्लास्टिकच्या निळ्या मण्यांची जपमाळ. वर्षाला सहा हजार डॉलर भरत होतो आम्ही, आणि ती पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली ती पोर!

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "अमेरिकेत पैसा नाही होय गं? तिथे देवाची शाळा कशी बंद पडते?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. नंतर शोधून शोधून वाचलं आणि दर शनिवारी तुम्हाला हप्त्याहप्त्याने सांगितलं, पण इथे एकदा सलग लिहिते कारण आपल्याकडच्या पुष्कळांना वाटतं की हे कोरोनामुळे झालं. कोरोनाने फक्त शेवटचा धक्का दिला, त्या एका वर्षात अमेरिकेत दोनशेच्या वर कॅथलिक शाळा बंद झाल्या किंवा एकमेकींत मिसळल्या हे खरं, पण घसरण जुनी आहे. १९६० च्या दशकात इथे जवळजवळ १३ हजार कॅथलिक शाळा होत्या आणि ५० लाखांहून जास्त मुलं, आता शाळा ६ हजारांच्या आत आणि मुलं १७ लाखांच्या आसपास. आमच्या फिलाडेल्फियात २०१२ च्या जानेवारीत एका दमात चाळीसहून जास्त शाळा बंद करायची किंवा जोडायची शिफारस झाली होती, त्यातली चार हायस्कूलं लोकांनी देणग्या गोळा करून वाचवली, बाकी बऱ्याच गेल्या. कारणं एक नाही, लोक शहर सोडून उपनगरांत गेले, मुलं कमी झाली, सरकारी पैशावर चालणाऱ्या, बिनफीच्या चार्टर शाळा आल्या. पण सगळ्यात मोठं कारण मी सांगितलं तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरत नाही. मी म्हटलं, बाई, पूर्वी बहुतेक वर्ग सिस्टरच शिकवायच्या, आता सिस्टर, ब्रदर, फादर सगळे मिळून शंभरात दोन-तीन उरलेत, बाकीच्यांना पगार द्यावा लागतो, त्यामुळे फी वाढते, फी वाढली की मुलं कमी होतात. तुम्ही म्हणालात, "म्हणजे सिस्टर फुकट राबत होत्या तोवर सगळ्यांची श्रद्धा मजबूत होती." आणि पुढे काही न बोलता भाजी निवडत बसलात.

मग मी न्यूमनांची गोष्ट सांगितली होती, संत जॉन न्यूमन, ज्यांचं शरीर इथल्या सेंट पीटर चर्चमध्ये वेदीखाली काचेत ठेवलंय आणि छोटी पहिल्यांदा बघून घाबरली होती. बोहेमियातून (आताच्या चेक देशातून) आलेला माणूस, १८५२ मध्ये फिलाडेल्फियाचा बिशप झाला. त्याच्या आधी आठ वर्षं, १८४४ मध्ये, याच शहरात दंगली होऊन कॅथलिकांची चर्चेस जाळली होती, सरकारी शाळेत बायबल कोणतं वाचायचं, कॅथलिकांचं की प्रॉटेस्टंटांचं, यावरूनही भांडण पेटलेलं. न्यूमननी मग गावोगावच्या पॅरिश शाळा एका व्यवस्थेत आणल्या. आयरिश लोकांची कन्फेशन्स ऐकायला तो माणूस त्यांची भाषा शिकला. जर्मनांच्या शाळेत जर्मन चालायचं, पुढे पोलिश लोक आले त्यांच्या शाळेत पोलिश. नंतर १८८४ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या अमेरिकन बिशपांच्या परिषदेने फर्मानच काढलं की दोन वर्षांत प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी. मी मोठ्या कौतुकाने सांगत होते आणि तुम्ही मध्येच थांबवलंत, "म्हणजे ती सगळी परक्या मुलखात आलेली माणसं, आपापल्या भाषेत पोरांना देव शिकवत होती. तू कुठल्या भाषेत शिकवतेस?"

बाई, मी शिकवतच नव्हते. हे कुणापुढे कबूल केलं नव्हतं, आज करते. शाळेत रोज प्रार्थना, शुक्रवारी मिस्सा (चर्चमधली उपासना), मग घरी कशाला, असा आमचा दोघांचा हिशोब. व्हॅटिकन परिषदेने, जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्येच सांगून ठेवलंय की मुलांचे पहिले शिक्षक आईबापच, ते काम आम्ही फी भरून बाहेर देऊन टाकलं होतं. शाळा गेली आणि लक्षात आलं की घरात काही नाहीच, भिंतीवरचा क्रूस सोडला तर. पॅरिशचा आठवड्यातून एक तासाचा वर्ग असतो, प्रेप म्हणतात, तो तेव्हा झूमवर चालायचा आणि छोटी कॅमेरा बंद करून मांजर कुरवाळत बसायची.

आणि मग तुम्हीच म्हणालात, शनिवारी सातला फोन लाव. तुमचे सात. चौऱ्याहत्तरीत व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ शिकलात त्यासाठी, पहिले दोन महिने आम्हाला फक्त तुमचं कपाळ आणि पंखा दिसायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ, पण नोव्हेंबरात इथे घड्याळं मागे गेली की साडेआठ, शनिवारी साडेआठला पोराला उठवायचं म्हणजे काय, म्हणून मी एकदा चाचरत विचारलं की तासभर पुढे घेऊया का, तर तुम्ही, "आमची घंटा काय तुमच्या घड्याळावर वाजत नाही." घंटा! तिकडे चर्चची संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजायची, तुम्ही वाक्य अर्धवट टाकून उभ्या राहायचात, फोन कशाला तरी टेकवलेला, आणि इकडे आमच्या किचनमध्ये छोटी एका हातात दुधाचा चमचा तसाच धरून दुसऱ्या हाताने क्रूसाची खूण करायची. पहिल्यांदा तिने ते न सांगता केलं त्या दिवशी मी सिंकचा नळ उगाच चालू करून उभी राहिले.

तिचं मराठी म्हणजे आनंदच. पहिल्याच शनिवारी तिने मोठ्याने म्हटलं, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्याच्या नावाने." पवित्र आत्म्याची आत्या झाली! मी कपाळाला हात लावला. नवरा हसत हसत बाहेर गेला. तुम्ही हसला नाहीत, पट्टी आपटली नाहीत (मी तुमच्या वर्गात होते तेव्हा नक्की आपटली असती, माझ्या बोटांना अजून आठवतेय), शांतपणे म्हणालात, "आत्या तर आत्या, घरात येऊ दे आधी. नाव मग सुधारू." सहा महिने आमच्या घरात पवित्र आत्याच होती.

मग दहा आज्ञा, मग जपमाळ, त्याच प्लास्टिकच्या निळ्या मण्यांवर. फादर स्टीफन्सचं सांगितलंत तिला, इंग्लंडचा माणूस गोव्यात येऊन मराठी शिकला आणि १६१६ मध्ये अख्खं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून काढलं, तेव्हा तिने विचारलं, "हिज मराठी वॉज बेटर दॅन माइन?" तुम्ही म्हणालात, माझ्यापेक्षाही.

एका शनिवाराबद्दल मात्र मला वेगळे आभार मानायचेत. तेव्हा ती दहाची असेल. तिने तुम्हाला मराठी-इंग्रजी कालवून विचारलं की शाळा बंद होऊ नये म्हणून मी रोज प्रार्थना केली होती, अगदी रोज, मग देवाने का नाही ऐकलं. मी मध्ये पडणार होते, देवाची योजना वगैरे सांगणार होते, तयार वाक्यं असतात आपल्याकडे. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मला वाटलं फोन अडकला. मग म्हणालात, "मला माहीत नाही बाळा. मीही केली होती माझ्या शाळेसाठी." आणि तिला सांगितलंत ते मलाही माहीत नव्हतं, की आपल्या गावच्या शाळेत मराठी माध्यमाच्या पहिलीला सातच पोरं उरलीत, वर्ग बंद करायचं चाललंय, आणि तुमची स्वतःची नातवंडंही इंग्रजी माध्यमातच आहेत, तुम्ही कुणाला बोलू शकत नाही. तिकडे पैशाअभावी नाही, इंग्रजीच्या हौसेने. दोघी मग एकमेकींकडे बघत बसल्या, एक सत्तरीपुढची आणि एक दहाची, दोघींच्या शाळा गेलेल्या. त्यानंतर तुम्ही तिला म्हणालात, चल, तुझ्या शाळेसाठी एक नमो मारिया आणि माझ्या शाळेसाठी एक. त्या दिवसापासून तिने कधी टाळाटाळ केली नाही, आजारी असली तरी अंथरुणातून फोन लावायची.

मी अजूनही म्हणेन की शाळा बंद व्हायला नको होती. वीस पोरं एकत्र गुडघे टेकतात त्याची सर व्हिडिओ कॉलला नाही, आणि ज्या पोरांना अशी बाई नाही त्यांचं काय झालं मला माहितीये, तिच्या वर्गातली निम्मी आता नाताळलासुद्धा चर्चमध्ये दिसत नाहीत. तेव्हा कुणी मला "बघ, शाळेशिवायही जमलं" म्हटलं तर राग येतो. तुमच्यामुळे जमलं आमचं.

छोटीने दृढीकरणासाठी निबंध लिहिला होता, आपल्याला श्रद्धा कुणी दिली या विषयावर, त्यात एक वाक्य आहे की माझी टीचर आठ हजार मैल लांब राहते आणि तिच्या मागे कोंबडे ओरडतात. प्रेपच्या सरांना वाटलं गंमत करतेय.

डिसेंबरात येतोय आम्ही, सुकेळी (वसईची सुकवलेली केळी) ठेवा तिच्यासाठी, नुसती सुकेळी खाऊन जगेल ती. आणि बाई, येत्या रविवारपासून आमची घड्याळं पुन्हा मागे जातायत, म्हणजे पुढच्या शनिवारी आमचे साडेआठ, ती उठेल, मी उठवते. तुम्ही फक्त फोन दुपारीच चार्जिंगला लावून ठेवा, मागच्या वेळी घंटा वाजतानाच बंद पडला.

तुमची,
दुसऱ्या बाकावरची बडबडी