लेहला निघण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कळसूबाई न थांबता चढतोस म्हणून लेहची धास्ती नाही, असं तू लिहिलंस. पण कळसूबाई १६४६ मीटर. तिथे मेंदूच्या रक्तवाहिन्यांना खबरही लागत नाही. लेह ३५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. विमानातून उतरल्यावर ऑक्सिमीटरवर ८५ ते ९० दिसलं तर दचकू नकोस. फक्त बोट आधी चोळून गरम कर, गार बोटावर आकडा चुकतो. आणि दमसास कितीही चांगला असो, विरळ हवेच्या त्रासापासून तो वाचवत नाही.

मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, ऑक्सिजन मात्र २० टक्के खातो आणि साठवत जवळजवळ काहीच नाही. म्हणून ऑक्सिजन उतरला की त्याच्या धमन्या काही मिनिटांत रुंदावतात. त्याच वेळी श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो घटला की याच धमन्या आकसतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या १ मिलिमीटरने उतरला तरी रक्तप्रवाह ३-४ टक्क्यांनी घटतो. या रस्सीखेचीत पहिले दोन-तीन दिवस रुंदावणं वरचढ ठरतं. कवटी काही ताणली जात नाही, मग डोकं ठणकतं.

पुढे मूत्रपिंडं रक्तातला बायकार्बोनेट नावाचा अल्कधर्मी घटक लघवीवाटे टाकतात, श्वासाला मोकळीक मिळते, हिमोग्लोबिन वाढतं आणि दोन-तीन आठवड्यांत प्रवाह पूर्वपदावर येतो. खरी टिकाऊ तजवीज त्याहून सावकाश होते. एचआयएफ नावाचं प्रथिन एरवी बनताक्षणी मोडलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की ते टिकतं आणि नव्या केशवाहिन्या फुटायला लावतं. प्रयोगातल्या उंदरांच्या मेंदूत त्या दाट व्हायला तीन आठवडे लागले. तुझी सहल आठ दिवसांची, म्हणजे तुझ्या हाती फक्त तात्पुरती सोय.

म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम. नंतर नुब्रा खोरं, ते लेहपेक्षा खाली आहे. पँगाँग सरोवराचा मुक्काम शेवटी. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि पँगाँग ४२०० च्या पुढे आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड ही विरळ हवेचा त्रास टाळणारी गोळी, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून. पण तुझ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांग. बोटांना मुंग्या येतील, त्याला घाबरायचं कारण नाही. कापराची पुडी हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोतच, झोपेत श्वास मंदावतो.

डोकं दुखत असताना वर चढू नकोस. पँगाँगहून लेहला परतताना आधी ५३०० मीटरहून उंच ‘चांग ला’ हा घाट ओलांडावा लागतो, तेव्हा त्रास लेहमध्येच ओळखायला हवा. सरळ रेषेत, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत दहा पावलं चालायची. तोल गेला तर मेंदूला सूज येतेय असं समजून ताबडतोब ऑक्सिजन आणि दवाखाना. ही चाचणी वहिनींना शिकवून ठेव, कारण ज्याला सूज येते त्याला स्वतःला ते कळत नाही.

तुझा,
अविनाश