सायकल आधी विकत घेऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ मध्ये जाहीर केला. त्या आठवड्यात फेऱ्या निघतात, फोटो छापून येतात आणि पुण्यातली बरीच मंडळी ‘आता ऑफिसला सायकलनेच’ असे ठरवून थेट दुकान गाठतात. आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू होतो. मडगार्ड नसलेली गिअरची सायकल शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा ओढते, ओल्या रिमवर ब्रेक लागत नाही, चेनवर गंज चढतो, आणि ऑगस्टपर्यंत सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात जाते. यात हौस कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो. सायकल विकत घेणे ही या निर्णयातली शेवटची पायरी आहे. ज्यांचे अजून ठरायचे आहे त्यांच्यासाठी हे पत्र.

सुरुवात अंतरापेक्षा चढापासून करावी. पुण्यात नदीकाठचा मध्यभाग खोलगट आणि उपनगरे उंचावर. कात्रज-धनकवडीहून शिवाजीनगरला किंवा कोथरूडहून डेक्कनला येणाऱ्याला सकाळी उतार लागतो आणि दमलेल्या संध्याकाळी तोच सगळा चढ. स्वारगेट ते कात्रज एका दमात मारायचा प्रयत्न केला की पहिल्याच आठवड्यात उत्साह संपतो. म्हणून चाचणी परतीच्या वाटेची घ्यावी, तीही कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहा ते सातच्या गर्दीत. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर काढलेला वेळ सोमवारी उपयोगाचा नाही. शहरात सिग्नल धरून ताशी १२ ते १५ किलोमीटर वेग पडतो. म्हणजे सात किलोमीटरला सुमारे अर्धा तास. रोजचे अंतर एका बाजूला दहाच्या आत असेल तर बहुतेकांना जमते. त्यापुढे आठवड्यातून दोन-तीन दिवसच ठेवलेले बरे.

दुचाकीचा रस्ता तोच सायकलचा रस्ता, हे धरून चालू नये. उड्डाणपूल टाळावा, दोनशे मीटरचा वळसा पडला तरी आतली गल्ली घ्यावी. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण आज जे मार्ग आहेत ते अनेक ठिकाणी मध्येच संपतात किंवा त्यांवर गाड्या उभ्या असतात. नकाशात मार्ग दिसतो म्हणून त्यावर विसंबू नये, स्वतः जाऊन बघावा. उभ्या मोटारींपासून दार उघडण्याइतके, म्हणजे निदान एक मीटर अंतर ठेवावे. कडेला चिकटून चालवणारा जास्त धोक्यात असतो, कारण मागून येणाऱ्याला तो उशिरा दिसतो आणि दार अचानक उघडले तर त्याला जायला जागा नसते.

या चाचणीसाठी शेजाऱ्याची, भावाची, भाड्याची, कोणतीही सायकल चालेल. फक्त सीट आपल्या मापाने लावून घ्यावी. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. चालवताना पाऊल पुढे सरकते आणि गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. ‘सायकलने गुडघे दुखतात’ अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांची सीट दोन-तीन इंच खाली असते, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

आता सायकलीकडे. शॉकअपच्या जाड टायरवाल्या सायकली दुकानात पुढे मांडलेल्या असतात. डांबरी रस्त्यावर रोज जायला शॉकअप म्हणजे नुसते वजन. साधी चौकट, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मडगार्ड, कॅरिअर, स्टँड बसवायला चौकटीवर भोके असली की झाले. भोके नसतील तर मडगार्ड पट्टीने बांधावे लागते आणि महिन्याभरात खडखडू लागते. गिअर नसलेली साधी सायकलही चालते, पण चेन फिरते त्या पुढच्या-मागच्या चक्रांचे दात मोजून घ्यावेत. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर चढाला उभे राहावे लागेल. मागे २२ दातांचे फ्रीव्हील (मागच्या चाकाचे दातेरी चक्र) टाकले की पाय लक्षणीय हलका होतो. खर्च किरकोळ आहे, चेन थोडी लांब करावी लागते एवढेच.

पावसात खरा प्रश्न ब्रेकचा. रिमला चुंबक लावून बघावे. चिकटले तर रिम पोलादी आहे. चकचकीत पोलादी रिम ओली झाली की ब्रेकच्या रबराची पकड जवळजवळ जाते. अशी सायकल पुण्याच्या पावसाळ्यात रोज वापरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. ॲल्युमिनियमच्या रिमवरही चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर फक्त पाणी पुसते, पकड नंतर येते. त्यामुळे सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका धरावा. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण चेनला तेल घालताना एक थेंबही डिस्कवर उडू देऊ नये. ओले पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची झाकणे आणि झेब्रा पट्टे यांवर ना वळावे ना ब्रेक मारावा.

पाऊस लागलेली चेन त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसावी. प्रत्येक कडीच्या रोलरवर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब, पायडल उलटे फिरवून दहा मिनिटे थांबायचे आणि बाहेरचे तेल पुसून टाकायचे. ग्रीस लावू नये, त्यात रेती अडकते आणि दात झिजतात. गंज सुटायला मारतात तो स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. चेन झिजली का, हे इंचांच्या पट्टीने कळते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरले तर नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला की चेन बदलावी. १/८ इंच जाईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही जाते.

पंक्चर पावसातच जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच आणि तार सहज शिरते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवावे. केसासारखी तार राहिली असेल तर नवी ट्यूबही त्याच जागी जाते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर मात्र तार शोधू नका, तिथे पंक्चरचे कारण कमी हवा हे असते. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत, ३५ मिलिमीटरच्या टायरला साधारण ५० ते ७० पीएसआय (पंपावर दिसणारे दाबाचे माप) हवा ठेवावी आणि आठवड्याला तपासावी. सोबत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), लहान पंप आणि नटाची चाके असतील तर पाना असावा. दुचाकीच्या पंक्चरवाल्याकडे बारीक व्हॉल्व्हला हवा भरायचे नोझल बहुधा नसते, तेव्हा त्याचा ॲडॉप्टरही जवळ ठेवावा.

घामाची धास्ती अनेकांना असते. पाठीवरची सॅक काढून ओझे कॅरिअरवर टाकले की निम्मा प्रश्न सुटतो. शेवटचा एक किलोमीटर सावकाश यावे, पोहोचल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली बसावे, ओल्या पंचाने अंग पुसून शर्ट बदलावा. तेवढी जागा ऑफिसात आहे का, हेही सायकल घेण्याआधीच बघायचे.

इथे ऑफिसांच्या आणि सोसायट्यांच्या व्यवस्थापनाला एक विनंती. पुढचे चाक खाचेत अडकवायचे स्टँड बसवू नका. धक्का लागला की चाक वाकते, आणि कुलूप फक्त चाकालाच लागते. त्याऐवजी जमिनीत पक्का केलेला, उलट्या यू आकाराचा, सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचा लोखंडी पाइप पुरेसा आहे. दोन पाइपांत एक मीटर अंतर ठेवले की प्रत्येक पाइपाला दोन सायकली लावता येतात, चौकट आणि चाक दोन्हींना कुलूप घालता येते. वर पत्रा आणि जवळ एक नळ असावा. मोटारीच्या एका जागेत असे दोन पाइप सहज बसतात.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे